बर्फी किती दिवस टिकते? नागपुरातील मिठाईच्या घराण्यांमागे चार दिवस

माझ्या वडिलांची सगळी नोकरी रावळगावच्या गोळ्यांच्या कारखान्यात, वेष्टन विभागात झाली. मालेगावजवळच्या या गावात वालचंद हिराचंद यांनी आधी माळरानावर शेती उभी केली, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ मध्ये त्याच साखरेपासून गोळ्या बनवण्यास सुरुवात झाली. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीला पाठ आहेत. आमच्या घरात मात्र गोळीच्या चवीपेक्षा तिच्या कागदाविषयी अधिक बोलणे होई. पावसाळ्यात साखरेला पाणी सुटले आणि कागद गोळीला चिकटला की माल परत येतो, हे वडिलांनी आम्हाला पाढ्यांबरोबरच शिकवले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावे, पाककृती आणि त्यावरील हक्क २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीकडे गेल्याची बातमी आली, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

एखाद्या कुटुंबाने उभारलेली गोड पदार्थांची कंपनी कशाच्या बळावर टिकते आणि कुठे तिची पकड सुटते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. नागपूर हे माझे आजोळ. दर दिवाळीला मामाच्या घरून येणाऱ्या संत्रा बर्फीच्या खोक्यामागेही असेच एक घराणे आहे हे ठाऊक होते, म्हणून ऐन संत्र्याच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या अखेरीस, चार दिवस काढून मी तिकडे गेले. निघताना वडील एवढेच म्हणाले, "तिथे बर्फी किती दिवस टिकते ते विचार. चव काय, सगळेच सांगतात."

पहिला दिवस : महाल आणि सीताबर्डी

मनमाडहून रात्री विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी नागपूरला उतरले. स्थानकाबाहेर पडताच कोरड्या थंडीने कान झोंबले. आमच्याकडची थंडी हळूहळू अंगात शिरते. नागपूरची सकाळी सकाळी एकदम समोर उभी राहते आणि अकराला ऊन पडले की तितक्याच चटकन निघून जाते. मामेभाऊ घ्यायला आला होता. महाल या जुन्या भागातील घरी जाण्याआधी त्याने एका टपरीवर गाडी थांबवून तर्री पोहे खाऊ घातले. वाफाळत्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा आणि लिंबू. प्रवासाचा शीण जाण्यास त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मामा जाऊन सहा वर्षे झाली. मामी दारातच उभी होती. "येऊन राहिली का गं एकदाची? भाऊजींची तब्येत कशी आहे?" असे विचारत तिने हातातली पिशवी काढून घेतली, आणि मी कशासाठी आले आहे हे कळल्यावर ती खरोखर चकित झाली. "बर्फी पाहायला एवढ्या लांबून काहून आली? फोन केला असता तर चार खोके पाठवले असते न!"

संध्याकाळी सीताबर्डीला गेले. हल्दीरामच्या दुकानात मिठाईच्या काउंटरपाशी मी जवळजवळ पाऊण तास उभी होते. संत्रा बर्फीच्या वड्या काचेआड ओळीने मांडलेल्या होत्या. रंग पिवळ्याकडे झुकणारा नारिंगी, वर वर्ख. समोरच्या गृहस्थांना बर्फी हवी होती आणि विक्रेत्या मुलाने त्यांना आधी "किती?" असे न विचारता "कुठे न्यायची?" असे विचारले. गृहस्थ म्हणाले, चेन्नईला, उद्याच्या गाडीने. मुलाने काचेआडच्या वड्यांना हातही न लावता मागच्या फळीवरील बंद खोकी काढली. त्यांच्यानंतरच्या बाई जवळच्या धंतोलीतच राहणाऱ्या होत्या. त्यांना मात्र त्याने सुट्या वड्या तोलून दिल्या. माझी पाळी आल्यावर मी वडिलांचा प्रश्न विचारला. त्याने खोके उलटे करून त्यावर छापलेली तारीख बोटाने दाखवली आणि म्हणाला, "ही बंद असेपर्यंत. उघडली की मग तुमच्या घरच्या हवेवर आहे, ताई." काउंटरवर उभे राहणाऱ्या मुलाच्या तोंडून इतके नेमके उत्तर येईल अशी माझी अपेक्षा नव्हती.

ज्या कुटुंबाचे हे दुकान, त्याची कथा मुळात नागपूरची नाही आणि बर्फीचीही नाही. बिकानेरमध्ये भिकाराम अग्रवाल यांच्या घरात भुजिया बनत असे. त्यांचा नातू गंगाबिशन, ज्याला घरात लाडाने हल्दीराम म्हणत, याने बेसनाऐवजी मटकीच्या पिठाची आणि पूर्वीपेक्षा बारीक शेव काढली, तिला बिकानेरच्या डुंगरसिंह महाराजांच्या नावावरून "डुंगर शेव" म्हटले आणि ती गिऱ्हाइकांनी उचलून धरली, असे सांगितले जाते. त्याच्या स्वतंत्र दुकानाचे वर्ष १९३७ मानले जाते. १९५० च्या दशकात कुटुंबातील काहीजण कोलकात्याला गेले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाबिशन यांचे नातू शिवकिशन अग्रवाल नागपुरात आले. काजू कतलीची ओळख नसलेल्या या शहरात त्यांनी आधी ती फुकट चाखायला दिली आणि मग विकली, अशी आठवण या घराण्याच्या इतिहासात सांगतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस त्यांच्या धाकट्या भावाने दिल्लीत चांदनी चौकात दुकान उघडले. एका नावाच्या तीन वेगळ्या शाखा झाल्या आणि देशाची वाटणी झाली : पश्चिम आणि दक्षिण नागपूरकडे, उत्तर दिल्लीकडे, पूर्व कोलकात्याकडे.

हे सगळे मी आधी वाचलेले होते. पण काचेआडच्या त्या नारिंगी वड्यांसमोर उभे राहिल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. बिकानेरहून आलेले घराणे भुजिया, रसगुल्ला, काजू कतली कुठेही विकू शकले असते आणि विकतही आहे. संत्रा बर्फीने मात्र त्यांना नागपूरचे केले. आज पुण्या-मुंबईचा माणूस नागपूरहून येणाऱ्याला जे आणायला सांगतो, त्यात या बर्फीचा क्रमांक पहिला असतो, आणि ती मागताना आपण एका मारवाडी कुटुंबाची मिठाई मागतो आहोत असे कुणाच्या मनातही येत नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना. नागपूरला जायचे असल्यास डिसेंबर शक्यतो टाळावा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव दुप्पट असतो. नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी हे दोन्ही काळ संत्र्याच्या दृष्टीनेही योग्य आहेत, कारण पहिल्यात आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचे, फळ असते आणि दुसऱ्यात मृगाचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचे. मृगाचे फळ अधिक गोड, असे नागपूरकर ठामपणे सांगतात.

दुसरा दिवस : इतवारी

सकाळी सहाला मामेभावाने मला इतवारी या जुन्या बाजारपेठेत सोडले. मामांचे एक जुने स्नेही, वय ८१, आयुष्यभर किराणा दलाली केलेले, ते गल्लीच्या तोंडाशी मफलर गुंडाळून उभे होते. त्यांच्या ओळखीच्या एका हलवाई कुटुंबाचा कारखाना पाहण्याची सोय त्यांनी केली होती. कुटुंबाने नाव न लिहिण्याची विनंती केली, ती मी पाळते आहे.

कारखाना म्हणजे दुकानामागील एक लांबट खोली, तीन भट्ट्या, आणि भिंतीला टेकून रचलेली संत्र्यांची प्लास्टिकची क्रेट. खाली बसकर घालून चार बायका बसल्या होत्या. पहिली संत्र्याची साल काढत होती. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाकडून अंगठा घातला की दोन हिसक्यांत निघते. दुसरी फोडी सुट्या करून त्यांवरची पांढरी जाळी ओरबाडत होती. उरलेल्या दोघींचे काम सर्वांत नाजूक. फोडीच्या पाठीवर नखाने चीर द्यायची, पापुद्रा दोन्हीकडे उलगडायचा, बिया बोटाने उडवायच्या आणि गर पातेल्यात सोडायचा. एका फोडीला तीन सेकंदही लागत नव्हते. मी हातात घेऊन पाहिले तर माझ्या फोडीचा गर फाटून रस मनगटापर्यंत ओघळला. शेजारच्या मावशींनी माझा हात धरून नख किती आडवे ठेवायचे ते दाखवले. म्हणाल्या, "बी नाही फुटली पाह्यजे. एक बी चिरडली का पूर्ण कढई कडू होते."

हा केवळ हलवायाचा सावधपणा नव्हे. संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यात लिमोनिन हा कडू पदार्थ निर्माण करणारे घटक असतात. ताज्या फळात ते जाणवत नाहीत, पण रस काढून ठेवला किंवा तापवला की काही वेळाने कडूपणा वर येतो. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरून विकणे अवघड जाते त्याचे हे एक मोठे कारण आहे. चार बायकांच्या नखांनी निवडलेला गर बर्फीत मात्र गोड राहतो. यंत्राने रस पिळण्यापेक्षा हे काम कितीतरी महाग पडते, आणि तरीही ते सोडता येत नाही.

साडेसातला कढई चढली. कुटुंबातील मधले भाऊ, वय पन्नाशीचे, स्वतः उभे होते. आधी गर आणि साखर. त्याचा घमघमाट सुटला तेव्हा खोलीतील प्रत्येकाने क्षणभर नकळत श्वास ओढून घेतला. गर आटत आल्यावर त्यांनी उकडून घट्ट पिळलेला कोहळ्याचा कीस घातला. कोहळ्याला स्वतःची चव नाही. तो संत्र्याचा रस धरून ठेवतो आणि वडीला अंग देतो. खवा सर्वांत शेवटी. "आंबट आधी पुरतं आटवायचं, मगच खवा दाखवायचा. घाई केली का फाटते," ते म्हणाले. यापुढची वीस मिनिटे ते एक शब्द बोलले नाहीत. लांब दांड्याचे उलथणे कढईच्या तळाशी घासून फिरत होते आणि मिश्रणाचा आवाज बदलत होता, आधी रटरट, मग फदफद, मग जड, ओला, एकसुरी. त्यांनी थेंबभर मिश्रण पाण्याच्या वाटीत टाकले, दोन बोटांत वळले, मऊ गोळी झाली. तेवढ्यात त्यांच्या पुतणीने तूप लावलेला ट्रे सरकवला. हे तिने काहीही न विचारता केले, म्हणजे आवाज तिनेही ऐकला होता. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि दुकानाचे हिशेब पाहते.

बर्फी थापून झाल्यावर चहा आला आणि मी वडिलांचा प्रश्न पुढे केला. भाऊंनी तो अतिशय गंभीरपणे घेतला. "थंडीत आठ दिवस, उन्हाळ्यात चार. थंडीतही पाचव्या-सहाव्या दिवशी कडांना साखर फुटते. खायला वाईट नसते, पण मग ती आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही." बंद खोक्यात भरून लांब पाठवावी, असा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. त्यासाठी वेगळे यंत्र, वेगळी खोली, वेगळी माणसे लागली असती, आणि त्याच सुमारास घरात वाटणी झाली. दुकानाच्या मधोमध भिंत आली. पाटी थोरल्या घराकडे गेली, कढया आणि कारागीर मधल्याकडे राहिले. शेजारच्या दुकानात आजोबांच्या नावाची पाटी आहे. तिथे तयार माल बाहेरून येतो. इथे आजोबांची पद्धत आहे आणि पाटीवर दुसरेच नाव आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडी दमणूक होती. सणाला दोन्ही घरे एकाच पंगतीला बसतात, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

बाहेर पडल्यावर त्या ८१ वर्षांच्या काकांनी गांधीबागेपर्यंत मला सोबत केली. त्यांच्या तरुणपणी मिलचा भोंगा झाला की इतवारीत जिलेबीच्या कढईभोवती गर्दी होई. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांचे वडील जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. पगाराच्या दिवशी पुडा घरी येत असे, खोके नव्हे. "खोकं आलं तेव्हा मिठाई गावाबाहेर गेली," असे ते सहज म्हणाले आणि मी ते वाक्य तिथेच उभे राहून वहीत उतरवले. पुड्यातली मिठाई त्याच रात्री संपायची असते. खोक्यातली कुणाला तरी द्यायची असते.

मोठ्या आणि छोट्या घराण्यातील फरक मला त्या सकाळी टिकण्याच्या दिवसांत दिसला. भुजिया तेलात तळलेली, कोरडी. पाकिटात नीट भरली तर महिनोन्महिने खुसखुशीत राहते आणि आगगाडीने कुठेही जाते. बिकानेरच्या कुटुंबाला ती घेऊन देशभर पसरता आले. बर्फी चार ते आठ दिवसांची, म्हणून हलवाई आपल्या पेठेला बांधलेला. ज्यांनी भुजियाच्या पैशावर बर्फीलाही खोके, यंत्र आणि तारीख दिली त्यांचे नाव कंपनी झाले, आणि इतवारीतील कढई कढईच राहिली. मात्र वाटणी दोन्हीकडे झाली. हल्दीरामच्या दिल्ली आणि कोलकाता शाखांत नावाच्या हक्कावरून वर्षानुवर्षे खटले चालले, आणि शिवकिशन यांच्या बिकानेरमधील भावाने १९९३ मध्ये बिकाजी हे नवे नाव घेऊन वेगळी वाट धरली. इतवारीत एका भिंतीने जे केले तेच तिथे वकिलांनी केले.

दुपारी मामीने सांबारवडी केली होती. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवावे, नाहीतर समोर काय येणार याचा अंदाज चुकतो. कोवळी कोथिंबीर, खसखस, सुके खोबरे यांचे सारण पातळ पारीत गुंडाळून तळतात आणि कढीबरोबर खातात. मी पाच खाल्ल्या.

तिसरा दिवस : काटोलचा बगीचा

नागपूरहून काटोल साठेक किलोमीटर आहे. मामेभावाच्या मित्राचे काका तिथे संत्रा उत्पादक आहेत. विदर्भात संत्र्याच्या बागेला बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या आवाजात जी माया येते ती ऐकण्यासारखी असते. सहा मीटरवर एक अशी झाडांची रांग, प्रत्येक बुंध्याला कमरेएवढ्या उंचीपर्यंत बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, निळसर लेप. डिंक्या रोगाने बुंध्यातून डिंक ओघळू लागला की झाड हळूहळू बसते, त्यापासून बचावासाठी हा लेप देतात. झाडांवर दव होते आणि पानांआडून फळे चमकत होती. काकांनी एक फळ तोडून दिले. तोडले म्हणजे ओढले नाही, देठ ठेवून कात्रीने कापले. त्या थंड फळाची पहिली फोड तोंडात फुटली तेव्हा दात शिवशिवले.

जंबेरी लिंबाच्या खुंटावर केलेले कलम लावल्यापासून पाच वर्षांनी उत्पन्न सुरू होते, म्हणजे बगीचा लावणारा माणूस स्वतःपेक्षा मुलांसाठी लावतो. आंबिया बहारासाठी थंडीत झाडाचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होईपर्यंत झाडाला तहानलेले ठेवायचे आणि मग पाणी सोडायचे, की झाड फुलावर येते. मृगाचा ताण मे महिन्यात पडतो. ताण किती द्यायचा हे जमीन पाहून ठरते. कमी पडला तर फूल कमी येते आणि जास्त झाला तर झाडच खचते. काकांच्या वडिलांच्या काळात विहिरीवर भागत असे, आता बोअर दरवर्षी खोल न्यावी लागते. फळगळीने या हंगामात किती फळ जमिनीवर गेले ते दाखवायला ते मला बगीच्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले, आणि झाडाखालचा सडलेल्या फळांचा थर पाहून मला पुढचा प्रश्न विचारायचे सुचेना.

तरीही विचारला. तोडलेले फळ किती दिवस टिकते? "सावलीत, हवेशीर ठेवलं तर आठ-दहा दिवस," काका म्हणाले, आणि थोडे थांबून, "म्हणून तर व्यापारी वाट पाहू शकते आणि मी नाही." मोठे, चकचकीत फळ दूरच्या बाजारात जाते. बारीक आणि डाग पडलेल्या फळाला भाव नसतो, पण त्याचा गर तितकाच गोड. मिठाईवाल्यांनी आणि गर काढणाऱ्यांनी हे फळ आणखी घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बिकानेरी भुजियाला त्याआधी २०१० मध्ये. एकाच कुटुंबाने हाताळलेल्या दोन्ही पदार्थांना आपापल्या मातीचा शिक्का आहे, ही गोष्ट मला काकांना सांगावीशी वाटली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "भुजियाच्या मटकीवाल्याला त्याचं काय मिळते?" मला त्याचे उत्तर देता आले नाही.

जेवायला पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी होती. काकूंनी निघताना पिशवीभर संत्री दिली आणि ती गाडीत एकावर एक न रचता पसरून ठेवायला बजावले. बगीचा पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत पोहोचावे, तोडणी तेव्हाच चालते. शेतकऱ्याला आधी कळवल्याशिवाय जाऊ नये आणि जमिनीवर पडलेले फळ पायाखाली तुडवू नये.

चौथा दिवस : भंडारा रोड आणि परतीची गाडी

कळमन्याचा बाजार पहाटे पाहिला. गाड्याच्या गाड्या नारिंगी, आणि भाव पुकारणाऱ्यांचे आवाज धुक्यात अधिकच मोठे वाटणारे. तिथे फार वेळ थांबले नाही. तेथून भंडारा रोडला वर्धमाननगरच्या बाजूने गेले, कारण हल्दीरामचा नागपुरातील कारभार या भागात वाढला. आत जाण्याची परवानगी मी मागितली नव्हती, रस्त्यावरूनच पाहिले. पाळी बदलत होती. सायकली, स्कूटी, डबा घेतलेल्या बायका. रावळगावच्या फाटकाशी लहानपणी मी वडिलांची वाट पाहत उभी राही, ते दृश्य जसेच्या तसे इथे होते, फक्त कितीतरी पट मोठे.

दिल्ली आणि नागपूर या दोन शाखांनी अनेक दशकांनंतर आपला पाकीटबंद पदार्थांचा व्यवसाय एका कंपनीत एकत्र आणला. त्यात दिल्लीचा वाटा ५६ टक्के आणि नागपूरचा ४४ टक्के ठरला आणि हे एकत्रीकरण २०२५ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीने सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. कुटुंबाने पैसा बाहेरून आणला, पण नाव आणि बहुतांश मालकी घरातच ठेवली. रावळगावला हे जमले नाही. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. परंतु त्या फाटकासमोर उभी असताना मला त्याचे फार वाईट वाटले, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बर्फी नेणाऱ्यांसाठी थोडे. दोन दिवसांत घरी पोहोचणार असाल तरच सुटी बर्फी घ्यावी, नाहीतर बंद खोके, आणि त्यावरील तारीख दुकानातच वाचावी. प्रवासात खोके खिडकीच्या उन्हात ठेवू नये, संत्र्यांच्या पिशवीखाली तर मुळीच नाही. फ्रीजमध्ये ठेवल्यास खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी, थंड बर्फीत संत्र्याचा वास दबून जातो.

मामीने स्थानकावर यायचा हट्ट केला. गाडी सुटताना खिडकीतून तिने आणखी एक पुडा हातात कोंबला, इतवारीतल्या त्या कारखान्यातला. मामेभावाला सकाळीच पाठवून तिने तो आणवला होता.

घरी पोहोचल्यावर वडिलांनी आधी बंद खोके उघडले. वडीला हात न लावता तिचे वेष्टन उलटे केले, मागचा जोड उजेडात धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि "चांगला बसलाय," एवढे म्हणाले. मग मी त्यांना विक्रेत्या मुलाचे, हलवाई भाऊंचे आणि काटोलच्या काकांचे उत्तर सांगितले. त्यांनी इतवारीच्या पुड्यातली एक वडी बशीत बाजूला ठेवली, कागदाच्या चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घातली आणि बशी फडताळात वरच्या फळीवर, झाकण न घालता ठेवून दिली. बाकीची बर्फी दोन दिवसांत गल्लीत वाटली गेली. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. वडीच्या कडांना बारीक पांढरी साखर फुटली होती. त्यांनी सुरीने मधोमध कापून अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.